तळघरातल्या मंडळींचं जेवण

२ नोव्हेंबर, रविवार

दैनंदिनी लिहिणाऱ्या बायका मला कधीच आवडल्या नाहीत. कामं नसतात म्हणून लिहीत बसतात, असं मी एकदोघींना तोंडावर सांगितलंय. पण मधाची दारू घालायची तर तारीखवार टिपत जा, असं पुस्तिकेत बजावलंय, आणि एकदा टिपायला बसले की माझा हात थांबत नाही. तेव्हा दारूचं आणि घरचं सगळं इथेच जाईल.

शेजारचे म्हातारे मास्तर मुलाकडे कायमचे राहायला गेले. जाताना भलीमोठी काचेची बरणी, रबरी नळ्या, बुचं, कृतीची पुस्तिका आणि स्वतःच्या माश्यांच्या मधाचे डबे आमच्या दारात ठेवून गेले. कोपऱ्यावरची खाणावळवाली म्हणाली, "तुम्ही घालाच. चांगली उतरली तर सगळ्या बाटल्या माझ्या." गिरणी बंद झाल्यापासून हे घरीच आहेत. मी औषधाच्या दुकानात अर्धा दिवस उभी असते, तेवढ्यावर दोघांचं भागतं म्हणायचं. जोडीला काही मिळालं तर कुणाला नकोय?

अडचण एकच आहे, पण ती साधी नाही. गुरुवारी माझा धाकटा भाऊ राहायला येतोय. उन्हाळ्यापासून त्यानं थेंबाला हात लावलेला नाही. इस्पितळातून बाहेर पडल्यावर कुणाच्या तरी खोलीत कोपरा धरून राहत होता. भावजय पोरीला, आमच्या खारीला, घेऊन वेगळी राहते. काल फोनवर म्हणाली, "वन्सं, तुमच्याकडे हिवाळाभर कोरडा राहिला तर मार्चच्या सुट्टीत खारीला पाठवते बापाजवळ. मग पुढचं बघू. पण त्याच्या शब्दावर नाही हं. तुमच्या शब्दावर." दर रविवारी ती फोन करणार आणि मी सांगणार. तिचंही बरोबर आहे. दुधानं... जाऊ दे, ती पोळलीय बिचारी.

मी यांना म्हटलं, बरणी देऊन टाकू कुणाला तरी. घरात दारू आणि घरात धाकटा, नको ती भानगड. तर हेच म्हणाले, "एवढं काय घाबरतेस? तळघराला कुलूप घालू. चावी माझ्याकडे." मला सुचलं नव्हतं. माणूस शांत असला की असा उपयोगी पडतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आला. एक पिशवी आणि बेकरीतला पांढरा झगा, एवढाच संसार. वाळलाय, पण डोळे स्वच्छ आहेत. कोपऱ्यावरच्या बेकरीत कामही धरलंय त्यानं. पूर्वीचा कसबी पाववाला, त्यांनी लगेच घेतला.

बरणीचं मीच त्याला सांगून टाकलं. लपवाछपवी मला जमत नाही. तो म्हणाला, "ताई, मी तळघरात पाऊल टाकणार नाही. तू मला कधी खाली बोलवूही नकोस. जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत माझी हद्द." एवढं बोलून हसला. "आणि वास आला तर मी अंगणात जाऊन उभा राहीन. कुणी विचारलं तर सांग, हवा खातोय."

मी त्याची पिशवी उचलून आत ठेवली.

९ नोव्हेंबर, रविवार

मध आणि पाणी कालवलं, यीस्ट सोडलं. मोजायला एक काचेची नळी आहे, खाली जड, वर आकडे. रसात सोडली की तरंगते. साखर भरपूर असली तर नळी वर डोकं काढून राहते, आणि यीस्ट साखर खात गेलं की नळी बुडत जाते. पूर्ण बुडाली की दारू झाली. मला हे फार आवडलं. माणसं काहीही सांगतात, नळी सांगत नाही.

भावजयीचा फोन आला. "कसा आहे?" म्हणाली. म्हटलं, कोरडा ठणठणीत. मागून खार ओरडली, "आत्या, बाबाला सांग, माझा दात पडला!" सांगितलं त्याला. त्यानं सगळं पीठ मळून होईपर्यंत मान वर केली नाही.

१३ नोव्हेंबर

बुडबुडे आले आणि थांबले. आणि वास! नासक्या अंड्याचा. तळघरातून थेट स्वयंपाकघरात. हे नाक दाबून हसले.

दारू घालायच्या सामानाच्या दुकानातल्या दाढीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही त्यांना नुसतं गोड खायला घातलंत. मधात साखर आहे, पण अंगाला लागेल असं काही नाही. उपाशी आहेत ती. उपाशी यीस्ट घाण वास सोडतं." यीस्टचं खाणं म्हणून त्यानं पांढऱ्या खड्यांसारखी पूड दिली. थोडी थोडी द्या म्हणाला. आधी ढवळून आतली हवा काढा, मग द्या.

घाईत मी ढवळायचं विसरले आणि सगळी पुडी एकदम टाकली. आई गं! बरणीच्या तोंडातून फेसाचा लोंढा. भिंत, चपला, माझा चांगला स्वेटर, सगळं मधाळ. मी ओरडले, तर धाकटा वरूनच, "ताई, काय झालं? हात भाजला का?" पण जिना उतरला नाही. हे धावत आले, फडक्यानं पुसलं. बोट चाटून म्हणाले, "वाईट नाही."

मला हसू आलं. या माणसानं लग्नाकार्यातसुद्धा ग्लास पालथा घालून ठेवला आयुष्यभर.

२१ नोव्हेंबर

उरलेली मंडळी जगली आहेत. (मी त्यांना मंडळी म्हणते. हे म्हणतात, "तुझी मंडळी जेवली का?" आणि आम्ही दोघं हसतो. गिरणी बंद झाल्यापासून आम्ही असे हसलो नव्हतो.) नळी निम्म्यापर्यंत बुडाली. पण परत मंद झालीय.

धाकट्याला सांगितलं तर तो पाववाल्याच्या अकलेनं बोलला. "ती पूड म्हणजे नुसतं मीठ चाटल्यासारखं. त्यांना खरं जेवण दे. पावाचं यीस्ट पाण्यात चांगलं उकळ. मरतं ते. मेलेलं घाल, जिवंत असलेलं त्याच्यावर पोसतं. आम्ही बेकरीत म्हातारं आंबवण असंच वापरायचो." त्यानंच पातेल्यात उकळलं, गार केलं, झाकणाच्या पेल्यात भरलं आणि वरच्या पायरीवर उभं राहून माझ्या हातात दिलं. मळकट रंगाचा रस्सा. वास उकडलेल्या बटाट्यांच्या सालींसारखा.

मी घातला. बघू.

३० नोव्हेंबर, रविवार

लागू पडला! नळी चांगली दोन बोटं खाली. बुडबुडे मात्र दिसले नाहीत. हे म्हणाले, "रात्रीत येऊन जात असतील." असेल. चोरून जेवणारी मंडळी.

भावजयीला म्हटलं, कोरडा. ती म्हणाली, "नक्की ना, वन्सं? माझ्यापाशी लपवू नका. मला आता फसायची ताकद नाही उरलेली." म्हटलं, बाई, मी जन्मात एक गोळी जास्त मोजून दिलेली नाही कुणाला. मग ती हसली. पहिल्यांदाच.

८ डिसेंबर

आता पद्धतच पडलीय. धाकटा आठवड्यातून एकदा पेला भरून देतो, मी किंवा हे खाली नेऊन घालतो. खरं तर हेच जातात जास्त. माझे गुडघे आणि तो जिना! शिवाय हे म्हणतात, ढवळायला जोर लागतो, तू नको. दिवसभर रिकामं बसून माणसाला काही तरी हातात हवंच असतं. काल खाली बराच वेळ होते. वर आले ते गुणगुणत.

रंगही खुलतोय. पहिल्यांदा तपकिरी होता, आता फिकट, स्वच्छ. पुस्तिकेत म्हटलंय, दारू निवळली की रंग उतरतो. माझी निवळतेय.

१७ डिसेंबर

आज धाकट्याचं आणि माझं वाजलं. भांडणाचं कारण ऐकून कुणी हसेल. तो म्हणाला, "ताई, भावोजी पेपरमिंट फार खातात हल्ली."

म्हटलं, मग? घसा बसलाय त्यांचा. तळघरातल्या ओलीनं.

"झोपतातही लवकर."

म्हटलं, हातचं काम गेलेल्या माणसानं जागून काय चांदण्या मोजायच्या? तुला इथे ठेवून घेतलं ते त्यांनीच, हे विसरू नकोस. दुसरा असता तर दारात उभं केलं नसतं.

"नाही विसरलो. म्हणूनच इतके दिवस बोललो नाही. तू जरा बस त्यांच्याजवळ, विचार, मनात काय आहे." मग परत कणीक मळायला लागला. मी म्हटलं, नवरा-बायकोत नाक खुपसायचं काम नाही. शहाणपणा शिकवायला निघालेत, स्वतःचा संसार असा झाल्यावर! बोलून गेले आणि जीभ चावली. त्याला लागलं.

आता वाईट वाटतंय. पण तोही काही कमी नाही.

२८ डिसेंबर, रविवार

खाणावळवालीला नमुन्याची छोटी बाटली दिली. तिनं चाखली, तोंड वाकडं केलं. "पाणचट लागतेय हो."

पाणचट! जिनं आयुष्यभर तेलकट रस्से विकले तिनं मला चव शिकवावी! घरी येऊन यांना सांगितलं तर हे माझ्यापेक्षा जास्त भडकले. म्हणाले, "परत तिला द्यायची नाही. चाखवायचीच नाही कुणाला, तयार होईपर्यंत." माझी बाजू घेऊन असं कुणी बोललं की बरं वाटतं.

भावजय म्हणाली, खार तयारीला लागलीय. बाबासाठी चित्र काढतेय, त्यात बाबाच्या डोक्यावर पाव आहे. धाकट्याला सांगितलं तर तो म्हणाला, "गोल की लांबट?" आणि मग न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आला.

११ जानेवारी, रविवार

गेला आठवडा मी तापानं फणफणले होते. गोळ्या देणाऱ्या बाईलाच गोळ्या घ्यायची वेळ. धाकटा सूप करून आणायचा, हे कपाळावर घड्या ठेवायचे. दोन पुरुषांनी घर चालवलं आणि घर चाललं, हे मान्य करायला जिवावर आलं, पण आहे तसं लिहिते.

ताप असतानाही डोक्यात मंडळीच. विचारलं, खाऊ घातला का? धाकटा म्हणाला, "मी बुधवारीच पेला भरून फ्रिजात ठेवलाय. भावोजींना सांगितलंय." हे म्हणाले, "कधीच घातला. झोप तू."

आज उठून खाली गेले, नळी सोडली. अबब! एवढी कधीच बुडाली नव्हती. मी यांना मिठी मारायचीच काय ती बाकी ठेवली. म्हटलं, माझ्यापेक्षा तुमच्या हाताला गुण आहे.

भावजयीला सांगितलं, कोरडा. आता तर तिनं विचारलंही नाही, मीच सांगितलं.

१४ जानेवारी, बुधवार

लिहून काढल्याशिवाय डोकं थाऱ्यावर येणार नाही.

फ्रिज पुसत होते. मागच्या कोपऱ्यात, लोण्याच्या डब्याच्या पाठीमागे, झाकणाचा पेला. भरलेला. उघडला तर तोच बटाट्याच्या सालींचा वास. गेल्या बुधवारचा खाऊ, काठोकाठ, जसाच्या तसा.

म्हणजे मंडळींनी काही खाल्लेलंच नाही. आणि नळी तर खाली गेली. साखर खाल्ली तरी नळी बुडते आणि पाणी घातलं तरी बुडते. जन्मभर औषधं पातळ करून देणाऱ्या बाईला हे सुचू नये! बुडबुडे नाहीत, रंग फिकट, पाणचट चव. कुणी तरी दारू काढून घेतंय आणि बरणी पाण्यानं भरतंय. नोव्हेंबरपासून.

हे बाहेरच्या खोलीत होते. पेला दाखवला. म्हटलं, तुम्ही तर घातला म्हणालात?

हे पेल्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी... मला जिना उतरवत नव्हता त्या दिवशी. धाकट्याला चावी दिली होती. तू घाल म्हटलं. घातला म्हणाला तो."

म्हटलं, चावी दिलीत? त्याला? तुमच्या डोक्यात काय भरलं होतं?

"एकदाच नाही, दोन-तीनदा दिली," हे म्हणाले. आवाज अगदी बारीक. "तू रागावशील म्हणून बोललो नाही."

सगळं जुळलं. वरच्या पायरीचं ते नाटक, अंगणात हवा खाणं, सगळं. आणि मी त्या पोरीच्या आईला दर रविवारी शब्द देत होते! माझा शब्द!

तो कामावरून आला तशी मी पेला त्याच्यासमोर आपटला. विचारलं, किती दिवस चाललंय?

त्याला आधी कळेचना. मग कळलं. रंग उडाला त्याचा. म्हणाला, "ताई, मी खाली गेलेलो नाही. एकदाही नाही." जवळ आला. "माझ्या तोंडाचा वास घे. एवढंच कर. दुसरं काही मागत नाही."

मी मागे सरकले. म्हटलं, मला वास घ्यायची गरज नाही. मी नळी पाहिलीय. आणि भावोजी सांगतायत ते काय खोटं? तुला चावी दिली होती त्यांनी.

त्यानं यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीशी उभे होते, पाठमोरे. मी म्हटलं, आता दातखीळ का बसली?

"असू दे, ताई," तो म्हणाला. "माझंच म्हण."

म्हण काय म्हण! कबूल केलंस की तोंडानं! त्यानं पिशवी भरली. झगा खांद्यावर टाकला. दारात थांबून यांना म्हणाला, "भावोजी, जपा." मला काहीच म्हणाला नाही. हे रडत होते. इतक्या वर्षांत मी यांना रडताना पाहिलं नव्हतं. माझ्या भावासाठी रडावं एवढं मोठं मन आहे यांचं, आणि तो नालायक असा निघाला.

१८ जानेवारी, रविवार

फोन आला. मी सांगितलं. प्यायला तो, माझ्याच घरात, माझ्या नाकाखाली. मला माफ कर.

भावजय म्हणाली, "बरं झालं वन्सं, तुम्ही खरं सांगितलंत." मागे खार विचारत होती, "आत्या आहे का? मला दे ना." तिनं दिला नाही.

३१ जानेवारी

बेकरीच्या माळ्यावर खोली घेऊन राहतोय म्हणे. मी त्या रस्त्यानं जात नाही. पाव दुसरीकडून आणते. चांगला नसतो.

दाढीवाल्याकडून गंधकाच्या गोळ्या आणल्या. चुरून बरणीत घातल्या, म्हणजे उरलीसुरली मंडळी कायमची झोपतील. खाऊ बंद, ढवळणं बंद. आता फेकायची की व्हिनेगर करायचं, उन्हाळ्यात बघू. बूच बसवण्याआधी सवयीनं नळी सोडली आणि आकडा टिपला. सवय जात नाही.

चावी यांच्याकडेच आहे. मागायचं सुचलं नाही, कुणापासून लपवायची आता?

१५ फेब्रुवारी, रविवार

आता रविवारी फोन येत नाही. दुपारची वेळ झाली की मी उगीच फोनशेजारचं टेबल पुसते.

हे लवकर झोपले. जेवतही नाहीत धड. डॉक्टरकडे चला म्हटलं तर चिडतात. विषय काढला की पेपरमिंट तोंडात टाकून बाहेर निघून जातात. घर कसं झालंय! धाकटा होता तेव्हा निदान पीठ आपटल्याचा आवाज तरी यायचा.

७ मार्च, शनिवार

काल शाळांना सुट्टी लागली. आज खार यायची होती.

तिच्यासाठी काढून ठेवलेली उशी परत ठेवायला तळघरात गेले. हे झोपलेले, चावी यांच्या कोटातून घेतली. पहिल्यांदाच घेतली मी, इतक्या महिन्यांत; एरवी कुलूप हेच उघडून द्यायचे. कोटाच्या खिशात चावीबरोबर रबरी नळीचा तुकडा होता, हातभर; तोही हाताला आला, स्वेटरच्या खिशात टाकला. मला वाटलं, पाइपबिइप दुरुस्त करत असतील. खरंच असं वाटलं मला. लिहिते तसंच.

बरणीसमोर उभी राहिले. वाटलं, बघू तरी. नळी सोडली.

ती सरळ खाली गेली. जवळजवळ बुडालीच. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एक घोट घेतला. पाणी. मधाचा नुसता भास असलेलं पाणी.

आत जेवणारं कुणी नाही. मी स्वतः झोपवलंय सगळ्यांना. धाकटा जाऊन दोन महिने होत आले. घरात मी आणि हे. मी खालच्या पायरीवर बसले. मग खिशातला रबरी तुकडा काढून नाकाशी धरला.

माझ्या नाकाला सगळे वास कळतात. दुकानात बूच उघडायच्या आधी औषध ओळखते मी. इतके दिवस यांच्या शेजारी झोपत होते.

वर आले. हे जागे झाले होते, पलंगावर बसून. माझ्या हातातला तुकडा पाहिला. म्हणाले, "गिरणी बंद झाली त्या दिवसापासून, आधी थोडी... मग तू ती बरणी घातलीस... मी त्या दिवशी सांगणार होतो. तू पेला घेऊन आलीस तेव्हा. तोंडातून त्याचं नाव निघालं. मग परत घेता येईना."

मी म्हटलं, आणि तो? त्यानं पाहिलं तुमच्याकडे.

"त्याला पहिल्यापासून माहीत होतं," हे म्हणाले. "मला दोनदा बोलला होता. ताईला तुम्ही सांगा, मी सांगणार नाही, म्हणाला. बायकोला कळतं तेव्हा काय होतं, ते मी पाहिलंय, म्हणाला."

मी तो तुकडा यांच्यापुढे टाकला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

८ मार्च, रविवार

सकाळीच भावजयीला फोन केला. ती हॅलो म्हणायच्या आत सगळं सांगून टाकलं. तो प्यायला नव्हता. एक थेंब नाही. आमचे हे पीत होते. मी चुकले. माझा शब्द चुकला. खारीला पाठव, आजच पाठव, मी स्वतः न्यायला येते.

म्हटलं, ऐकतेयस ना?

"ऐकतेय, वन्सं," ती म्हणाली. "परवा तो आला होता इथे. सुट्टी लागायच्या दिवशी. दार खारीनं उघडलं."

म्हटलं, मग?

"मग काय. उभं राहवत नव्हतं त्याला. हातात पाव होता कागदात गुंडाळलेला, तो पडला. पोर घाबरून माझ्या मागे लपली." मग म्हणाली, "तुम्ही तेव्हा बोललात ते खोटं असेल. आता नाहीये."

फोन ठेवला कधी, मला आठवत नाही.

९ मार्च, सोमवार

बेकरीच्या मागच्या जिन्यानं वर गेले. दुपार होती, खाली भट्टी थंड. मालक म्हणाला, चार दिवस कामावर नाही, तुम्हीच समजावा. म्हटलं, हो.

येताना काय न्यावं कळेना, म्हणून सूप नेलं होतं डब्यात. माझ्या तापात त्यानं केलं होतं तसंच.

दार लोटलेलं होतं. तो भिंतीला टेकून खाली बसला होता, झगा अंगावर, पिठाचा नव्हे, कसला तरी डाग पडलेला. मला पाहून हसला. तेच हसू, पहिल्या दिवशीचं.

"भावोजी बरे आहेत ना?" म्हणाला.

मी सगळं बोलायचं ठरवून आले होते. पाठ केलं होतं. तोंडातून एवढंच आलं, "मला कळलं रे."

"हं," तो म्हणाला. मग हात वर केला, जवळ ये म्हणून. "आता घे वास, ताई. घे."

मी दारातच उभी होते. तिथपर्यंत येत होता.